कस्तुराबाईच्या हातचं

तांबरवाडी, रेणापूरमार्गे, जि. लातूर
२४ नोव्हेंबर १९८२

नरसिंग गुरुजींना रत्नम्मा रेवणप्पा हिचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमचं अक्षर ओळखते. तुमच्या आंबेटाकळीत ग्यानोबांच्या घरी दिलेली तुळजाबाई तुमच्याकडून पत्रं लिहून घेते आणि इथं तिच्या आईला, कस्तुराबाईला, ती मी वाचून दाखवते. तिचं लग्न झाल्यापासून आपण दोघं त्या मायलेकींच्या मध्ये बसलेलो आहोत. आज पहिल्यांदा माझं स्वतःचं पत्र लिहिते आहे, कारण तक्रार आहे. तुमचं अक्षर फार बारीक. एवढ्याशा कार्डावर तुम्ही सगळी आंबेटाकळी बसवता. मला ते लागतं, पण कस्तुराबाईला लागत नाही आणि यापुढं लेकीचं पत्र तिला स्वतः वाचायचं आहे.

आमच्या गावात बायकांचा प्रौढ शिक्षण वर्ग सुरू झाला आहे. वडिलांचं किराणा दुकान, मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, म्हणून सरकारनं मला बाई केलं. दिवेलागणीला मठाच्या ओवरीत बायका जमतात. दिवसभर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून आलेल्या असतात, त्यामुळे पेन्सिल धरायलाही बोटं वळत नाहीत. यंदा पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. त्यात आमचा जिल्हा नवा. ऑगस्टात लातूर जिल्हा झाला, गावानं गुलाल उधळला आणि तेव्हापासून वर्गाचं रॉकेल बंद आहे. जुन्या जिल्ह्याचं ऑफिस म्हणतं तुम्ही आता आमच्या नाहीत, नवं म्हणतं आमचं अजून टेबलच आलेलं नाही. सध्या दुकानातलं रॉकेल जळतं आणि अप्पा बघून न बघितल्यासारखं करतात.

कस्तुराबाईला नवरा नाही, दुसरं मूल नाही. तुळजाला दिवस गेल्याचं पत्र मी वाचून दाखवलं. तिनं पाटी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बाई, पहिलं बाळातपण माझ्या घरी. संकरात झाली की तिला आणायला जाते. पण ते बोलावणं मी लिव्हणार. तुमी न्हाई."

तेव्हा यातलं तुळजाला काही सांगू नका. आईच्या हातचं पत्र येऊ द्या. त्या घरात असं पत्र अजून आलेलं नसेल.

तुमची,
रत्नम्मा


आंबेटाकळी, ता. भोकर, जि. नांदेड
८ डिसेंबर १९८२

रत्नम्माबाईंना नमस्कार.

हे पाहा मोठं अक्षर. कार्डावर मावेना म्हणून आंतरदेशीय घेतलं. तुमच्या सरकारी वर्गापायी माझा खर्च वाढणार असं दिसतं.

वर्ग माझ्याकडंही आहे, पुरुषांचा. दिवसा शाळेत पोरं आणि दिवेलागणीला त्यांचे बाप. पोरं परवडली. बाप भिंतीला टेकतात आणि घोरतात. यंदा तेही उरले नाहीत. विहिरी आटल्या, निम्मा गाव हैदराबादला बांधकामावर गेला. आता वर्गात मी आणि दोन म्हातारे असे तिघं असतो, आणि त्यातल्या एकाला दिसत नाही.

इथून पुढचं फक्त तुमच्यासाठी. कस्तुराबाईंना वाचून दाखवू नका.

तुळजाबाई शाळेच्या हापशावर पाण्याला येते तेव्हा मला मजकूर सांगते. परवा आली तर घागर उचलवेना. पाय सुजलेत, तोंडावरही सूज आहे, डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणाली. घरात सकाळी भाकरी असते, संध्याकाळी असेलच असं नाही. मी म्हटलं, आईला कळवू या. तर म्हणाली, "नका गुरुजी. ती उन्हात दगडं फोडून राहिली. तिला अजून कशाला घोर लावता? मी खुशाल हाय म्हून लिव्हा." मी तसं लिहिलं. दर वेळी तसंच लिहितो.

ग्यानोबा वाईट माणूस नाही. मी विषय काढला तर म्हणाला, "सून माहेरी गेली तर बरंच हाय गुरुजी, तिथं दोन घास तरी खाईल. पण तिकडून बोलावणं तर यायला पाहिजे. न बोलावता कसं धाडू?" आता रीत म्हणजे रीत. संक्रांत झाली की मुकादम या घरालाही हैदराबादला बांधकामावर न्यायला येणार. बोलावणं आलं नाही तर तुळजाबाईलाही बरोबर जावं लागेल, त्या अवस्थेत, विटा वाहायला.

म्हणून सांगतो, बोलावणं तुम्हीच आजच्या आज लिहून टाका. मी वाचून दाखवतो. हट्ट पुरवायला पुढं सगळं आयुष्य पडलं आहे.

नरसिंग


तांबरवाडी
२७ डिसेंबर १९८२

गुरुजी,

तुमचं पत्र मिळालं. सुजेचं मी कस्तुराबाईला सांगितलं नाही. घाई करा एवढंच सांगितलं आणि म्हटलं, "या वेळचं मी लिहिते, पुढचं तू लिही." तिनं पाटी बाजूला ठेवली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी वर्गाला आलीच नाही. मी घरी गेले तर चुलीपुढं बसून राखेत बोटानं अक्षरं काढत होती. म्हणाली, "बाई, माझ्या लग्नात कोणी मला इचारलं न्हाई. तुळजाच्या लग्नात बी दीर बोलले, मी आत बसले. आता लेकीला घरी बोलवायचं तर तेवढं तरी माझ्या तोंडानं बोलवू द्या."

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी आठ दिवस दिले. आता तिला जोडाक्षरंसुद्धा येतात. "संक्रांत" तर अशी लिहिते की छापल्यासारखी. कार्ड मी आणून दिलं आहे. ती रोज थोडं थोडं लिहिते आणि कुणाला बघू देत नाही.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी न्यायला येते असं ती लिहिणार आहे. पत्र तुमच्या पत्त्यावर यायचं नाही, थेट ग्यानोबांच्या दारात येईल. "माझ्या लेकीचं पत्र तिच्या घरी जाऊ दे," म्हणते. ग्यानोबा ते घेऊन वाचायला तुमच्याकडंच येतील, तेव्हा सावकाश वाचा, आणि चूक असली तरी चूक आहे म्हणू नका.

नव्या ऑफिसातून पर्यवेक्षक येऊन गेले. किती बायका साक्षर झाल्या विचारत होते. मी म्हटलं, एक नक्की.

तुमची,
रत्नम्मा


आंबेटाकळी
१३ जानेवारी १९८३

रत्नम्माबाई,

काय लिहावं कळत नाही. कस्तुराबाई गेल्याचं ऐकलं. मी चार दिवस नांदेडला शिबिराला होतो, काल परत आलो तर गावात हीच बातमी. अजून खरं वाटत नाही. उन्हात काम करून काही झालं का, की आजारपण? तुमच्या पत्रात तसं काहीच नव्हतं.

सोमवारी पोस्टमननं ग्यानोबांच्या दारात कार्ड दिलं. कोपरा फाडलेला होता, मयताच्या पत्राचा फाडतात तसा. रेणापूरकडचं आहे एवढंच तो बोलला आणि मान खाली घालून निघून गेला. तिकडं यांचं दुसरं कोण आहे? ग्यानोबानं रीतीप्रमाणं कार्ड उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दारातच फाडून टाकलं, वर पाणी ओतलं, सगळ्यांनी अंघोळी केल्या. मेल्याचं पत्र कुणी वाचत बसत नाही आणि ठेवतही नाही.

तुळजाबाई रडून रडून सुजली आहे. काल माझ्या दारात आली. म्हणाली, "आई मला न्यायला येणार व्हती का वो गुरुजी?" आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? मी म्हटलं, हो, येणार होती, लिहायलाही शिकत होती. ते ऐकून ती खालीच बसली. मग मला विचारलं, "मग आता मी कुठं जाऊ?" तुझ्या माणसांबरोबर जा, असं मी तिला सांगितलं. इथं एकटी राहून तरी काय करेल? संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या ट्रकनं सगळे निघणार आहेत.

त्या मायलेकींचं बोलणं आपल्याच हातून चालायचं, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला किती वाईट वाटत असेल ते मी समजू शकतो.

नरसिंग


तांबरवाडी
२० जानेवारी १९८३

गुरुजी, कस्तुराबाई जिवंत आहे!

ती आज पहाटेच्या गाडीनं तुमच्याकडं निघाली आणि दुपारी मला तुमचं पत्र मिळालं. तिला थांबवायला धावत फाट्यावर जावं तर ती एव्हाना नांदेडला पोचली असेल.

तिला काही झालेलं नाही. खडी फोडताना अंगठ्याला चीर पडली होती, त्याचं रक्त कार्डाच्या कोपऱ्याला लागलं. दिवस गेलेल्या लेकीला रक्ताचा डाग कसा पाठवायचा, म्हणून तिनं तेवढा कोपरा फाडला. दुसरं कार्ड घे म्हटलं तर ऐकेना, एवढं पुन्हा लिहायला अजून आठ दिवस जातील म्हणाली. पोस्टात टाकायच्या आधी मला दाखवलं तेव्हा तिच्याही मनात शंका आली होती. "बाई, कोपरा गेला. लोक काही भलतं तर समजणार न्हाईत ना?" मी हसले. मी तिला म्हटलं, ज्यांना वाचता येत नाही ते कोपरे बघतात, तू तर अक्षरं लिहिली आहेस.

हे वाक्य माझ्या कानातून जात नाही.

त्यात सगळं लिहिलं होतं हो. "तुळजा, मी गुरुवारी येते, तुझी तयारी करून ठेव" असं स्पष्ट लिहिलं होतं. कुणीतरी एक ओळ वाचली असती तर!

तुळजा गेली असेल तर कुणालातरी मागं पाठवा. आणि कस्तुराबाई तिथं पोचेल तेव्हा तिच्याजवळ राहा.

रत्नम्मा


आंबेटाकळी
२२ जानेवारी १९८३

रत्नम्माबाई,

तुमचं पत्र अजून आलेलं नाही, येईल तेव्हा येईल. कस्तुराबाई मात्र आल्या.

गुरुवारी संध्याकाळी मी शाळा बंद करत होतो. ग्यानोबांच्या गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेलो. शेजारची चतुराबाई दारात उभी राहून किंचाळत होती आणि समोर एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन उभी. चतुराबाईनं त्यांना लग्नात पाहिलेलं, त्यामुळे ओळख पटली आणि तिची बोबडी वळली. माणसं जमली. कुणी पुढं होईना. एकानं तर लिंबू आणायला पोरगं पिटाळलं. कस्तुराबाईंना काही कळत नव्हतं. त्या सगळ्यांना सांगत होत्या, "मी तुळजाची आई हाय. मी पत्र लिव्हलं व्हतं. गुरुवारी येते म्हून लिव्हलं व्हतं." आणि मागं ग्यानोबांच्या दाराला कुलूप.

मी पुढं होऊन हात धरला. हात गरम होता, अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. घरी नेलं. माझ्या बायकोनं चहा केला. मग मला सांगावं लागलं. ऐकून त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हंजी लेकीनं माझ्या नावानं अंघोळ केली." मग गाठोडं सोडलं. गाठोड्यात तिळाचे लाडू होते आणि बाळासाठी जुन्या लुगड्याची दुपटी. ती त्यांनी आमच्या घरी ठेवली. तुळजाबाई परत आली की द्या म्हणाल्या.

सकाळी गाडीत बसवून दिलं. तुम्ही त्यांना काय शिकवलं आणि मी इथं काय केलं, याचा विचार करतो आहे. आठ दिवस आधी तुम्ही स्वतः दोन ओळी लिहिल्या असत्या तर? मला राग आला आहे आणि तो कुणावर काढावा कळत नाही, म्हणून तुमच्यावर काढतो.

नरसिंग


तांबरवाडी
९ फेब्रुवारी १९८३

गुरुजी,

राग काढा. मला काही वाटत नाही, म्हणजे वाटतं, पण तुमचा हक्क आहे. मात्र मीही विचारते. तुम्ही तर वाचणारे. कार्ड कुठं आहे, तुकडे तरी दाखवा, असं तुम्ही ग्यानोबांना का नाही विचारलं? कोपरा फाटला म्हटल्यावर तुमचीसुद्धा खात्री पटलीच ना?

भांडून काय उपयोग. कस्तुराबाई कामावर जाते, वर्गाला येत नाही. सिद्धम्मा तिची मैत्रीण, वर्गातली सगळ्यात म्हातारी बाई. ती सांगत होती की कस्तुरा दगडावर हातोडा घालते आणि मध्येच थांबून बसते. मुकादम ओरडला तरी उठत नाही. मी घरी गेले. पाटी तिनं उतरंडीवर झाकण म्हणून ठेवली होती. मी म्हटलं, "तुळजाचा पत्ता लागला तर तिला पत्र कोण लिहिणार? मी लिहू?" ती म्हणाली, "तुमी लिव्हलं असतं तर ती आज हितं असती." खरं आहे ते. मी तशीच परत आले.

काल ती आपणहून आली. पाटी धुवून आणली होती. मागं बसून लिहीत राहिली. जाताना मला विचारलं, हैदराबाद कसं लिहायचं?

गुरुजी, काहीही करा पण तुळजाला शोधा. मार्चच्या मध्यावर तिचे दिवस भरतात.

रत्नम्मा


आंबेटाकळी
२६ फेब्रुवारी १९८३

रत्नम्माबाई,

सापडली. हे कस्तुराबाईंना लगेच वाचून दाखवा, किंवा त्यांनाच वाचू द्या, अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

आमच्या गावचा चंद्रप्पा परवा हैदराबादहून आला. मी त्याला जायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं दोन रविवार घालवून त्यांची टोळी शोधली. सात मजली इमारतीखाली पत्र्याच्या खोपटात राहतात. तुळजाबाईला त्यानं सांगितलं की तुझी आई जिवंत आहे, तुला न्यायला आली होती. तिचा विश्वास बसेना. त्यानं लेकराची शपथ घेतली तेव्हा बसला. हसायला लागली आणि थांबेचना, असं चंद्रप्पा म्हणाला. मग म्हणाली, "आईला सांगा मी येते. बाळातपणाला न्हाई जमलं तर लेकरू घेऊन येते. तिनं लिव्हलेलं पत्र मला पाहिजे व्हतं."

व्यंकट, तिचा नवरा, तिला रेल्वेनं आणून सोडायला तयार आहे. मुकादमानं सोडलं की निघतील. अंगावरची सूज कमी झाली का, हे मी चंद्रप्पाला विचारलं. त्यानं नीट पाहिलं नाही म्हणाला. बाईमाणसाकडं कसं बघायचं, त्याचंही बरोबर आहे.

तारीख कळली की लगेच लिहितो.

नरसिंग


तांबरवाडी
५ मार्च १९८३

गुरुजी,

तुमचं पत्र तिनंच वाचलं, ओवरीत सगळ्यांसमोर. चांगला अर्धा तास लागला. बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणते, ओळ संपली की थांबते, ओळीचा अर्थ लावते, आणि मग चेहरा उजळतो. सिद्धम्मानं बत्तासे वाटले.

आता तिनं घर सारवून घेतलं आहे. कुठून कुठून थोडा डिंक, थोडं खोबरं जमवून ठेवलं आहे. पोस्टमनला तिनं बजावलंय की भोकरकडचं पत्र आलं की दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. त्यावर नाव माझं असलं तरी तिलाच द्यायचं. तोही हसून हो म्हणतो. तेव्हा लिहाल ते मोठंच लिहा, आणि लवकर लिहा.

खूप दिवसांनी मला झोप लागली.

रत्नम्मा


आंबेटाकळी
२३ मार्च १९८३

रत्नम्माबाई,

हे पत्र आधी तुम्ही एकट्या वाचा. मग कस्तुराबाईंना जवळ बसवून सांगा.

तुमच्या शेवटच्या पत्रातलं पोस्टमनचं ध्यानात आहे, म्हणून पाकिटात घालून तुमच्या वडिलांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

तुळजाबाई बाळंत झाली. मुलगी झाली. मुलगी चांगली आहे. तुळजाबाई वारली.

झटके आले. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध गेली होती. व्यंकट जवळ होता. क्रियाकर्म तिथंच केलं. टोळीतली दुसरी एक ओली बाळंतीण मुलीला पाजते आहे. ग्यानोबा आठ दिवसांत गावी येईल असा निरोप आहे.

मला जास्त लिहवत नाही. तुम्ही धीरानं घ्या आणि त्यांना धीर द्या.

नरसिंग


तांबरवाडी
२ एप्रिल १९८३

गुरुजी,

तुम्ही पाकीट दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंत. पण पोस्टमननं भोकरचा शिक्का बघितला आणि कबूल केल्याप्रमाणं थेट ओवरीत नेऊन तिच्या हातात दिलं. मी त्या दिवशी लातूरला होते. नव्या ऑफिसात टेबल आलं होतं, आम्हाला पाट्या मिळणार होत्या. मी रात्रीच्या गाडीनं आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मला सिद्धम्मानं सांगितलं ते लिहिते.

दिवेलागणीला बायका वर्गाला जमून माझी वाट बघत बसल्या होत्या. कस्तुराबाईनं पाकीट फोडलं. पहिली ओळ वाचली, हे पत्र आधी तुम्ही एकट्या वाचा. सिद्धम्मा म्हणाली, "अगं बाईनं वाचावं म्हणायलेत, तू कशाला वाचायलीस?" ती म्हणाली, "माझ्या लेकीचं पत्र हाय. मीच वाचणार." बायका हसल्या. मग तिनं बोट ठेवून वाचत नेलं. तुळजाबाई बाळंत झाली. मुलगी झाली. ओवरीत टाळ्या पडल्या. कुणीतरी तिच्या तोंडात गूळ घातला. तो चघळत ती पुढं वाचायला लागली. तिला माहीत आहे ना, की आधी सगळी अक्षरं म्हणायची आणि अर्थ मागून लावायचा. मीच तसं शिकवलं आहे. तिनं चौथं वाक्यही तसंच म्हटलं, खणखणीत, एकही अक्षर न चुकता. बायकांना तिच्या आधी कळलं. टाळ्या थांबल्या. ती मात्र ओळीच्या शेवटापर्यंत गेली, थांबली, आणि नेहमीसारखा अर्थ लावायला लागली.

सिद्धम्मा म्हणते, तिचं तोंड बघवत नव्हतं. ती दुसऱ्यांदा वाचायला लागली, पहिल्या शब्दापासून, की आपलं वाचायचं चुकलं असेल. तिसऱ्यांदाही वाचलं. कुणाला तिच्या हातातून कागद घ्यायचा धीर झाला नाही.

मी आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती रडत नव्हती. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, बरोबर वाचलं का मी?"

मी हो म्हटलं.

वर्ग मी बंद केला आहे. पर्यवेक्षकांना कळवलं. त्यांनी उलट विचारलं की एक साक्षर झाली होती, तिचं नाव काय लिहू? मी उत्तर दिलेलं नाही. पाट्या तशाच बांधून पडल्या आहेत. मला कुणाला काही शिकवायचं नाही.

रत्नम्मा


तांबरवाडी
१९ एप्रिल १९८३

नरसिंग गुरुजीला कस्तुराबाईचा नमस्कार.

हे पत्र मी लिहिते. बाईने हात लावला नाही. बाई आता ओवरीत येत नाही. आम्ही बसतो. सिद्धम्मा येते. चुकलं तर कोणी सांगायला नाही, तुम्ही समजून घ्या.

ग्यानोबा गावात आले का ते लिहा. माझी नात कुठे आहे ते लिहा. कोणाच्या दुधावर आहे. नाव ठेवलं का. मला हैदराबादचा पत्ता पाठवा. मी तिला आणायला जाते. या खेपेला आधी पत्र पाठवणार नाही. आपल्या पायाने जाते.

बाई म्हणते, वाईट असेल तर गुरुजी मला कळवतील, मी तुला सांगीन. तसं करू नका. बाई रडत बसते. उत्तर माझ्या नावाने पाठवा. मुलगी असेल तर आहे लिहा. नसेल तर नाही लिहा. दोन्ही मला वाचता येतं.

कस्तुराबाई